१८०० आणि १८६०: फुकट कोणता?

१८०० म्हणजे टोल फ्री, हे शाळकरी पोरांनाही ठाऊक असतं. फोन आपण लावायचा, पैसे ज्यांचा नंबर त्यांनी भरायचे. घोळ होतो तो १८६०पाशी. वॉरंटी कार्डावर, बिलाच्या मागे, व्हॉट्सॲपच्या फॉरवर्डमध्ये 'टोल फ्री' असं ठळक लिहून खाली बिनदिक्कत १८६० दिलेला असतो. तो फुकट नाही.

हा युनिव्हर्सल ॲक्सेस नंबर. यात खर्चाची वाटणी असते: लोकल कॉलचे पैसे आपले, वरचा भार कंपनीचा. एसटीडीच्या जमान्यात ही खरीच सवलत होती. गडचिरोलीहून मुंबईला फोन लावला तरी पैसे लोकलचेच पडायचे. आता मोबाइलवर लोकल काय नि एसटीडी काय, दर एकच. सवलत गेली, आपला वाटा तेवढा उरला. त्यात काही अनलिमिटेड पॅकच्या अटींत असे विशेष नंबर वगळलेले असतात. मग पॅक चालू असूनही मुख्य बॅलन्समधून पैसे कापले जातात. तिथे खडखडाट असेल तर कॉल लागतच नाही, आणि माणूस नेटवर्कच्या नावाने बोटं मोडत बसतो.

खरी मेख आहे होल्डवर. १८००वर आपण संगीत ऐकत ताटकळतो तेव्हा मीटर कंपनीचं फिरतं, म्हणजे आपल्याला खोळंबून ठेवणं तिलाच महाग पडतं. १८६०वर ते आपलं फिरतं. मग घाई कुणाला असेल? 'आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे' हे वाक्य १८६०वर ऐकलं की माझं डोकं फिरतं.

बाकी फरक किरकोळ. दोन्हींच्या आधी एसटीडी कोड लावायचा नाही. दोन्ही नंबर देशातल्या देशात वापरण्यासाठी. अमेरिकेतल्या भाच्याला आपल्या बँकेचा १८०० कळवू नका, तिकडे १-८०० हे त्यांचे स्वतःचे टोल फ्री नंबर आहेत, भलतीकडेच लागायचा. त्याला +९१ वाला नंबर द्या. आणि १८०० दिसला म्हणजे नंबर खरा, असंही नाही. तो कार्डाच्या पाठीवरून किंवा पासबुकावरूनच घ्यावा.

कंपनीचा १८०० नसेल तर मी ०२२ किंवा ०२०चा साधा लँडलाइन नंबर शोधतो. तो अनलिमिटेड पॅकमध्ये बसतो.