सलग गुरुत्वीय तरंग : शोधपद्धती

अक्षाभोवती वेगाने फिरणाऱ्या न्यूट्रॉन ताऱ्याचा (मोठ्या ताऱ्याच्या अंतानंतर उरणाऱ्या अतिघन गोळ्याचा) आकार त्या अक्षाभोवती पूर्ण सममित नसेल, तर त्याच्यापासून वर्षानुवर्षे अखंड, जवळजवळ एकाच कंप्रतेचे गुरुत्वीय तरंग (अवकाशकालातील लहरी) निघत राहतात. ही कंप्रता सामान्यतः परिवलनाच्या दुप्पट असते. ताऱ्यातील द्रवाच्या आर-मोड या आंदोलनांत ती परिवलनाच्या सुमारे ४/३ पट येते. असा तरंग अद्याप थेट सापडलेला नाही.

विषमता कशामुळे येते याबद्दल मतभेद आहेत. कवचातील ताण, अंतर्गत चुंबकीय क्षेत्र आणि सोबत्याकडून ओढलेले द्रव्य अशी तीन कारणे सांगितली जातात. २००९ च्या संगणकीय सादृश्यीकरणात कवच मोडण्यापूर्वी सुमारे ०.१ इतकी विकृती (आकारातील सापेक्ष बदल) सहन करते असे दिसले. त्यावरून काही दशलक्षांशांची विषमता, म्हणजे १० किमी त्रिज्येवर काही सेंटिमीटरचा उंचवटा, शक्य ठरतो. उंचवटा मुळात कोणत्या बलाने घडला याचा विचार करणारी नंतरची गणिते ही मर्यादा बरीच खाली आणतात आणि तीच अधिक सयुक्तिक वाटतात. मिलिसेकंद स्पंदकांच्या (काही मिलिसेकंदांत एक फेरी घेणाऱ्या, नियमित स्पंद पाठवणाऱ्या न्यूट्रॉन ताऱ्यांच्या) परिवलनाच्या मंदावण्यावरून किमान विषमता अब्जांशाच्या घरात असावी, असे २०१८ मध्ये सुचवण्यात आले. हा पुरावा अप्रत्यक्ष आहे.

दशलक्षांश विषमतेचा तारा १ किलोपार्सेकवर (सुमारे ३,२६० प्रकाशवर्षांवर) असेल, तर १०० हर्ट्झला तरंगाची तीव्रता, म्हणजे त्यामुळे लांबीत होणारा सापेक्ष बदल, जेमतेम १० चा उणे २६ वा घात भरते. ती गोंगाटातून वर काढायला महिनोन्महिन्यांची नोंद कलेला (आवर्तनातील स्थानाला) कला जुळवून एकत्र करावी लागते. इथेच खरी अडचण आहे. पृथ्वीच्या सूर्याभोवतीच्या गतीमुळे होणाऱ्या डॉप्लर परिणामाने १०० हर्ट्झचा संकेत वर्षभरात सुमारे ०.०१ हर्ट्झ वर-खाली सरकतो, तर वर्षभराच्या नोंदीचे कंप्रता-विभेदन (वेगळा ओळखता येणारा सर्वांत लहान फरक) सुमारे ०.०००००००३ हर्ट्झ असते. दुरुस्ती केली नाही तर संकेत कंप्रतेच्या अशा लाखो खणांत विखुरतो. दुरुस्तीसाठी ताऱ्याची दिशा काही विकलांपर्यंत अचूक लागते.

ज्ञात स्पंदकांसाठी दिशा, कंप्रता आणि मंदनाचा दर रेडिओ निरीक्षणांतून मिळतात. नोंदीची वेळ सूर्यमालेच्या वस्तुमानकेंद्राला बदलून घेतली की एकच साचा (अपेक्षित संकेताचा गणिती नमुना) पुरतो. मात्र मधेच ग्लिच, म्हणजे परिवलनात अचानक उडी, आली तर कला तुटते आणि त्यापुढचा भाग वेगळा हाताळावा लागतो. अज्ञात ताऱ्यांच्या सर्वाकाश शोधात साच्यांची संख्या निरीक्षणकालाच्या चढत्या घातात वाढते. म्हणून नोंदीचे तुकडे करतात (अनेक पद्धतींत १,८०० सेकंदांचे), फूर्ये रूपांतराने, म्हणजे संकेत कंप्रतांत विभागून, प्रत्येकाची शक्ती काढतात आणि कला सोडून फक्त शक्तींची बेरीज करतात. यात संवेदनशीलता तुकड्यांच्या संख्येच्या चतुर्थमुळाने वाढते, वर्गमुळाने नव्हे. गणनशक्तीच्या मर्यादेपोटी दिलेली ही किंमत आहे. २००५ पासून आइनस्टाइन@होम प्रकल्पात स्वयंसेवकांचे संगणक हेच काम करतात.

खोटे संकेत बहुतेक उपकरणातूनच येतात : अमेरिकेतील वीजपुरवठ्याची ६० हर्ट्झ रेषा, आरसे टांगलेल्या तंतूंची ५०० हर्ट्झच्या आसपासची आंदोलने, समान अंतरावरच्या रेषांचे 'कंगवे'. लायगो या अमेरिकेतील दोन गुरुत्वीय तरंग शोधकांच्या जोडीत असा एक कंगवा वेळदर्शक यंत्रणेतील लुकलुकणाऱ्या एलईडीपर्यंत मागे नेता आला. क्रॅब स्पंदकाची अपेक्षित कंप्रता ५९ हर्ट्झच्या किंचित वर, म्हणजे ६० च्या रेषेला अगदी लागून आहे. उमेदवार संकेत दोन्ही लायगो शोधकांत सुसंगत दिसतो का आणि डॉप्लर दुरुस्ती काढल्यावर तो क्षीण होतो का, हे तपासतात. दुरुस्तीविना ठळक होणारी रेषा पृथ्वीवरची असते.

क्रॅबसाठी लायगोच्या तिसऱ्या निरीक्षणसत्रातील तीव्रतेची वरची मर्यादा मंदन-मर्यादेच्या (मंदावताना गमावलेली सगळी ऊर्जा तरंगांत गेली असे धरून येणाऱ्या तीव्रतेच्या) सुमारे शंभराव्या भागावर आली. म्हणजे गमावलेल्या ऊर्जेचा फार तर दहा हजारावा हिस्सा गुरुत्वीय तरंगांत जातो. जे०४३७−४७१५ या मिलिसेकंद स्पंदकाची विषमता दहा कोटींत एका भागाहून कमी ठरली आहे.