शिडाच्या होडीवरील साहाय्यक आऊटबोर्ड मोटर

वारा पडला किंवा एकाएकी अंगावर आला, तर होडी काठाला आणता यावी म्हणून लहान शिडाच्या होडीच्या मागच्या फळीवर टांगलेले छोटे इंजिन. ते हवे तेव्हा पाण्यात सोडता येते आणि नको तेव्हा वर उचलता येते. इंजिन, उभा दांडा आणि पंखा एकाच सांगाड्यात असल्यामुळे होडीच्या पोटात काही बसवावे लागत नाही. बचाव पथके आणि किनाऱ्यावरचे मेकॅनिक याला ‘ओबीएम’ (आऊटबोर्ड मोटरचे लघुरूप) म्हणतात. ओले एव्हिनरूड यांनी १९०९ मध्ये अमेरिकेतील मिलवॉकी येथे अशी इंजिने विकायला सुरुवात केली आणि हा प्रकार जगभर रुळला.

नागपूर समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असले, तरी तलावांचे शहर आहे. अंबाझरी, फुटाळा, गोरेवाडा शहरातच आहेत. रामटेकजवळचा खिंडसी जलाशय साधारण पन्नास किलोमीटरवर. येथे शीड दिसते ते मुख्यतः एन.सी.सी.च्या नौदल शाखेच्या प्रशिक्षणात. ढिवर बांधव डोंग्यावर वल्ह्यानेच काम भागवतात. शर्यतीच्या होडीला मोटर लावत नाहीत, आणि प्रशिक्षणाच्या वेळी सोबत सुरक्षा होडी असते. साहाय्यक मोटरचा प्रश्न येतो तो एकट्या-दुकट्याने मोठ्या जलाशयावर शीड उभारणाऱ्याला.

विदर्भातला वारा लहरी आहे. हिवाळ्याच्या तोंडाशी तो दिवसदिवस पानही हलवत नाही. एप्रिल-मे महिन्यांत दुपार कलली की वळवाच्या ढगाखालून काही मिनिटांत झोडपून काढतो. अशा वेळी होडी धरणाच्या भिंतीकडे ढकलली गेली, तर दगडी पिचिंगवर, म्हणजे भिंतीच्या उतारावर बसवलेल्या दगडांवर, आपटून तळ फुटतो. पावसाळ्यात सांडव्याची ओढ निराळीच. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी ओसंडून नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले, ते ज्यांनी पाहिले त्यांना सांडव्याजवळच्या पाण्याचा जोर वेगळा सांगायला नको. सांडवा वाहत असताना मोटरच्या भरवशावरही त्या बाजूला जाऊ नये.

मोटर निवडताना बहुतेक जण आधी अश्वशक्ती विचारतात. खरे तर वजन आणि दांड्याची लांबी आधी विचारायला हवी. पाणी कापत जाणाऱ्या होडीचा वेग तिच्या पाण्यातल्या लांबीने बांधलेला असतो: फुटांतल्या लांबीच्या वर्गमुळाला १.३४ ने गुणले की तो नॉटमध्ये मिळतो. ब्रिटिश होडी-रचनाकार जॅक होल्ट यांनी १९५६ मध्ये आखलेली एंटरप्राइझ जातीची होडी सुमारे ४ मीटर, म्हणजे १३ फुटांची. तिचा हिशेब पाच नॉटच्याही आतच थांबतो, ताशी जेमतेम ९ किलोमीटर. त्यापुढे शक्ती वाढवली की होडी पुढे जाण्याऐवजी मागून बसते. म्हणून एवढ्या होडीला २ ते २.५ अश्वशक्ती पुरते. नागपूरच्या सुमारे ३१० मीटर उंचीमुळे इंजिनाची शक्ती तीनेक टक्क्यांनी घटते, तेवढी दुर्लक्षिता येते. २.३ अश्वशक्तीच्या मोटरचे वजन साधारण १३-१४ किलो असते, ४ ते ६ अश्वशक्तीची चार-स्ट्रोक मोटर २५ किलोंच्या घरात जाते. होडीचा सांगाडाच ९० किलोंच्या आसपास असताना, अगदी मागच्या टोकाला टांगलेले हे जास्तीचे दहा-बारा किलो शिडावर चालताना प्रत्येक क्षणी जाणवतात.

दांडा आखूड म्हणजे १५ इंच, लांब म्हणजे २० इंच. मागची फळी उंच असेल तर लांबच घ्यावा. पंख्याच्या वर जी आडवी पट्टी असते, ती होडीच्या तळाच्या पातळीखाली निदान दोन-तीन सेंटिमीटर राहिली पाहिजे. शिडाची होडी कलते, लाटेवर मागून उचलली जाते. पट्टी वर असली तर पंखा हवा ओढतो, इंजिन नुसते ओरडते आणि होडी जागची हलत नाही. बिघाड समजून लोक ज्या मोटरी दुरुस्तीला टाकतात, त्यांतल्या काहींचा दोष एवढाच असतो की त्या उंच टांगलेल्या असतात.

सुकाणू मधोमध असल्याने मोटर एका बाजूला येते. मोटर टांगायचे ब्रॅकेट फळीवर पक्के करण्याआधी सुकाणू दोन्हीकडे पूर्ण वळवून पंख्याला लागत नाही ना, हे काठावरच पाहावे. शिडाची दोरी इंजिनाच्या मुठीत अडकणार नाही, हेही तेव्हाच. पंखा खाली पाण्यात पुढे रेटतो, त्यामुळे ब्रॅकेटचा खालचा भाग फळीवर दाबला जातो आणि वरचे बोल्ट मागे ओढले जातात. हा ताण नुसत्या फायबरवर सोडला तर भोके रुंदावतात, तडे जातात. म्हणून स्टेनलेस बोल्ट आरपार घालून आतून मरीन प्लायवूडचा किंवा धातूचा जाड तुकडा लावतात, भोकांच्या कडा सीलंटने बंद करतात. मोटरचे हाताने आवळायचे स्क्रू थरथरीने सैल होतात. तेव्हा मोटर साखळीने होडीला वेगळी बांधलीच पाहिजे. खिंडसीच्या तळाशी गेलेली मोटर शोधणे कोणालाच परवडत नाही.

वळणे सुकाणूनेच घ्यावीत, मोटर सरळ रोखून ठेवावी. अगदी लहान मोटरींना रिव्हर्स नसतो, त्या आख्ख्या फिरवून मागे जातात. झोडपा आला तर आधी शीड उतरवावे, सगळ्या दोऱ्या आत ओढाव्यात आणि मगच दोरी खेचून इंजिन चालू करावे. पाण्यात लोंबणारी दोरी पंख्यात गुंडाळली गेली की ऐन वादळात वल्हीच उरतात, म्हणून ती होडीत असलीच पाहिजेत. किल कॉर्ड (माणूस पडला तर ओढली जाऊन इंजिन बंद करणारी दोरी) मनगटाला, लाइफ जॅकेट अंगात, याला अपवाद नाही.

इथल्या तलावांची खरी डोकेदुखी जलपर्णी आणि प्लास्टिक. पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनाची पाणी घेणारी जाळी त्याने बुजते. बाजूने बाहेर पडणारी पाण्याची बारीक धार थांबली की इंजिन तत्काळ बंद करावे. काळ्या मातीचा गाळ आत जाऊन पाणी खेचणारी रबरी चक्रीही झिजते. होंडाची २.३ अश्वशक्तीची मोटर हवेने थंड होते, म्हणून गढूळ उथळ पाण्याला ती सोयीची. उन्हाळ्यात पाणी आटले की खडक आणि बुंधे वर येतात. ज्या मोटरींत पंख्याला शिअर पिन (पंखा दांड्याला जोडणारी मऊ धातूची खीळ) असते, त्यांत पंखा वाचावा म्हणून धक्क्याने तीच आधी तुटते. जास्तीच्या दोन पिना आणि पक्कड मोटरलाच बांधून ठेवावी.

गोरेवाडा पिण्याच्या पाण्याचा साठा आहे. अशा पाण्यावर तेलाचा तवंग नको. जिथे होडीला परवानगी असेल तिथे बॅटरीची मोटर योग्य. ५५ पौंड रेट्याची अशी मोटर पूर्ण वेगात ५० अँपियरच्या आसपास वीज खाते, तेव्हा १०० अँपियर-तासांची लेड-ॲसिड बॅटरी निम्मी वापरायची म्हटली तर तासभर पुरते. बॅटरी जड असते, पण ती होडीच्या मध्यावर ठेवता येते.

अंतर्देशीय जलयान अधिनियम, २०२१ नुसार अंशतः यंत्रावर चालणारी होडीही यांत्रिक जलयानात मोडते. ब्रॅकेटची भोके पाडण्यापूर्वी महाराष्ट्र मेरिटाईम बोर्ड आणि तलाव ज्यांच्या ताब्यात आहे ते खाते, दोघांकडेही तपासणी, नोंदणी व परवानगीची चौकशी करावी.

पेट्रोल काठावर भरावे. त्याची वाफ हवेपेक्षा जड असल्याने होडीच्या तळाशी साचते. इथेनॉल मिसळलेले पेट्रोल पावसाळ्यात ओल शोषते, म्हणून महिनाभर मोटर वापरायची नसेल तर कार्ब्युरेटर रिकामा करून ती सावलीत उभी ठेवतात.