फुल बॉडी की स्प्लिट? आधी वही उघडा

जिमची फी भरली की दुसऱ्याच दिवशी हातात चार्ट पडतो. सोमवारी चेस्ट, मंगळवारी बॅक, बुधवारी शोल्डर, गुरुवारी बायसेप्स, शुक्रवारी ट्रायसेप्स, शनिवारी लेग्ज. अंगाचे भाग असे दिवसांत वाटून घेतले की त्याला स्प्लिट म्हणतात. मला मिळालेला चार्टही असाच होता. त्यावर मी आठ महिने काढले आणि बेंच (बाकावर आडवं पडून छातीवरून रॉड ढकलणं) ४० किलोवर अडलं ते अडलंच. अंग आंबायचं, घाम निथळायचा, त्यामुळे व्यायाम चांगला होतोय असंच वाटत राहिलं.

आमच्या जिममध्ये साठीचे एक काका येत. तरुणपणी तालमीत घडलेले. एका संध्याकाळी त्यांनी विचारलं, "मागच्या सोमवारी किती वजन मारलंस?" मला सांगता येईना. "त्याच्या मागच्या सोमवारी?" तेही नाही. मग म्हणाले, "अरे, मग वाढतंय की नाही हे तुला कळणार कसं?" दुसऱ्या दिवशी मी २०० पानी वही घेतली. पुढे जे लिहिलंय ते त्या वहीतून आलंय.

नवशिक्याचा प्रोग्रॅम आणि मुरलेल्याचा प्रोग्रॅम यांच्यात लोक सर्रास गल्लत करतात. पहिला सोपा आणि दुसरा अवघड, म्हणून दुसरा केला की लवकर बॉडी बनेल, असा समज असतो. तसं नाही. पहिला प्रोग्रॅम नेमाने करणाऱ्याला विचारा तो किती सोपा असतो ते. खरा फरक एकच: वजन किती दिवसांनी वाढवता येतं. नवशिक्याला ते दर खेपेला वाढवता येतं. मुरलेल्याला त्यासाठी आठवडा लागतो, कधी महिनाही.

नवशिक्याचा प्रोग्रॅम म्हणजे बहुतेक वेळा फुल बॉडी, प्रत्येक खेपेला सगळं अंग. आठवड्यातून तीन दिवस, मधे एकेक दिवस सुट्टी. स्क्वॅट (खांद्यांवर रॉड घेऊन बैठक), बेंच, रोइंग (वाकून रॉड पोटाकडे ओढणं) एका दिवशी. पुढच्या खेपेला स्क्वॅट, उभ्याने डोक्यावर प्रेस, डेडलिफ्ट (जमिनीवरून रॉड उचलणं). पाच-पाच किंवा आठ-आठ रेप्सचे तीन सेट, म्हणजे सलग पाच किंवा आठ वेळा, मग दम घेऊन पुन्हा, असं तीनदा. तासाभरात संपतं. पाहणाऱ्याला हे किरकोळ वाटतं, पण आकडे मांडून बघा. ३० किलोवर स्क्वॅट सुरू केला आणि दर खेपेला अडीच किलो वाढवले, तर चार आठवड्यांत, म्हणजे बाराव्या खेपेला, रॉडवर ५७.५ किलो असतात. माझ्या वहीत पहिल्या महिन्यात जवळपास असंच झालं. आठ महिन्यांच्या लेग डेनी जे दिलं नव्हतं ते एका महिन्यात मिळालं.

हे का होतं? पहिल्या काही आठवड्यांत ताकद वाढते ती मुख्यतः मज्जासंस्थेमुळे. आहेत तेच स्नायू एकजुटीने कामाला कसे लावायचे हे मेंदू शिकत असतो. मोरितानी आणि डीव्रीज या संशोधकांनी हे १९७९ मध्येच दाखवलं होतं. शिकायचं तर सराव वरचेवर हवा. पोहायला शिकणारा आठवड्यातून एकदाच पाण्यात उतरला तर किती दिवसांत तरंगेल? फुल बॉडीत १२ आठवड्यांत स्क्वॅट ३६ वेळा होतो. सहा दिवसांच्या त्या चार्टमध्ये १२ वेळा, आणि तेही शनिवारी दांडी मारली नाही तर.

दुसरं कारण स्नायूंचं. जोरकस व्यायामानंतर स्नायूंत प्रथिनं बांधली जाण्याचा वेग वाढतो, तो साधारण दीड-दोन दिवस चढा राहतो आणि मग ओसरतो. सोमवारी चेस्ट मारली की बुधवारपर्यंत हे काम बरंचसं उरकतं. पुढचे चार-पाच दिवस छाती रिकामी बसते. इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. आठवड्याचे एकूण सेट सारखेच ठेवले, तर ते एका दिवशी मारले की तीन दिवसांत वाटले यानं स्नायूंच्या आकारात पडणारा फरक लहानच असतो. पण ते सेट नीट झाले पाहिजेत ना! नवशिका एकाच दिवशी छातीचे १६ सेट मारतो, तेव्हा शेवटच्या सहा-सातांत कोपर लटपटत असतात, रॉड तिरका होतो आणि छातीपेक्षा खांद्यांवरच ताण येतो.

मग स्प्लिट वाईट का? मुळीच नाही. ती ज्याची आहे त्याने करावी. स्क्वॅट ११० किलोवर गेलेल्या माणसाने आठवड्यातून तीनदा जड सेट मारून बघावेत. गुडघे, कंबर, झोप, सगळं कुरकुरायला लागतं. वजन मोठं झालं की एकेका दिवसाचा थकवा मोठा होतो आणि भरून यायला जास्त वेळ लागतो. शिवाय त्याच्या स्नायूंना वाढायला आता तीन सेट पुरत नाहीत, एकेका भागाला आठवड्याला दहा-पंधरा सेट लागतात. तेवढं काम एका बैठकीत कोंबणं शक्य नाही, म्हणून दिवस वाटून घ्यावे लागतात. दोन दिवस वरचं अंग, दोन दिवस खालचं, अशी चार दिवसांची वाटणी मला सगळ्यांत व्यवहार्य वाटते, कारण प्रत्येक भाग आठवड्यातून दोनदा येतो. एका भागाला एकच दिवस देणारी सहा दिवसांची स्प्लिट मी तरी नोकरी करणाऱ्या कुणाला सांगणार नाही. एक दिवस बुडाला की तो भाग पंधरा दिवस कोरडा जातो.

आता आपण नेमके कुठे आहोत हे ओळखायचं कसं? वर्षं मोजून अजिबात नाही. गणपती, दिवाळी, परीक्षा, लग्नसराई यांत खंड पडत पडत "तीन वर्षं जिम करतोय" म्हणणारा पुष्कळदा नवशिकाच असतो, आणि त्यात कमीपणा काही नाही, उलट त्याची सगळ्यांत वेगाने वाढायची वेळ अजून शिल्लक आहे. बायसेप्सच्या घेरावरूनही ठरत नाही. वहीतली शेवटच्या चार आठवड्यांची पानं बघा. दर खेपेला आकडा वाढतोय? मग काहीही बदलू नका, कुणी कितीही सुचवलं तरी.

आकडा अडला तर लगेच "मी इंटरमिजिएट झालो", म्हणजे मुरलो, असं समजू नका. आधी झोप बघा, दांड्या बघा, ताट बघा. शरीराच्या वजनाच्या किलोमागे रोज साधारण १.६ ग्रॅम प्रथिनं हवीत. म्हणजे ६५ किलोच्या माणसाला दिवसाला शंभरेक ग्रॅम, आणि दोन वाट्या वरणातून ती भरत नाहीत. अंडी, पनीर, सोयाबीन, चिकन, मासे, यांतलं काही रोज लागतंच. हे सगळं ठीक असेल तर रॉडवरचं वजन दहा टक्के उतरवून पुन्हा चढत या. दोनदा असं करूनही त्याच आकड्याशी अडलात, तर मात्र तुमचा दर-खेपेचा काळ संपला. तोही सगळ्या व्यायामांत एकदम संपत नाही. डोक्यावरची प्रेस सगळ्यांत आधी अडते, स्क्वॅट आणि डेडलिफ्ट पुढे कितीतरी आठवडे चालत राहतात.

या प्रेसबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण इथे पुष्कळ जण, विशेषतः मुली, विनाकारण खचतात. गल्लीतल्या बऱ्याच जिममध्ये सगळ्यांत लहान प्लेट अडीच किलोची असते. दोन्ही बाजूंना एकेक लावली की एकदम पाच किलो वाढतात. २० किलोची प्रेस थेट २५ वर, म्हणजे चौथा हिस्सा एका झटक्यात! हे कुणालाच पेलणार नाही, आणि त्याचा अर्थ तुमची प्रगती थांबली असाही नाही. माझ्या बहिणीने यावर सवा-सवा किलोच्या दोन प्लेटा विकत घेतल्या आणि त्या ती बॅगेतून नेते. ते जमत नसेल तर वजन तेच ठेवून रेप्स पाचाच्या सहा, सात, आठ करत न्या आणि मगच वाढवा. रॉड तेवढा रोज तोच वापरा. एकाच जिममध्ये आठ किलोचा, बारा किलोचा आणि वीस किलोचा रॉड शेजारी शेजारी उभा असतो, आणि मग वहीतल्या आकड्याला अर्थच उरत नाही.

चूक उलट्या बाजूनेही होते. चार वर्षं नेमाने व्यायाम करणारा माझा एक मित्र फुल बॉडीवरच अडून बसला होता. वजन चढवायचा, अडकायचा, उतरवायचा, परत तिथेच अडकायचा. असं वर्षभर. त्याला चार दिवसांची वाटणी हवी होती. प्रत्येक भागाचा पहिला दिवस जड, दुसरा हलका आणि जास्त रेप्सचा. तसं केल्यावर त्याचं बेंच पुन्हा हललं.

मोठ्या आजारपणानंतर किंवा लांबलचक खंडानंतर परतणाऱ्याने काही आठवडे पुन्हा नवशिक्याच्या प्रोग्रॅमवर यावं. एकदा कमावलेली ताकद नव्याने कमावण्यापेक्षा लवकर परत येते, म्हणून दर खेपेला वाढवणं त्यालाही जमतं.

काकांना मी एकदा विचारलं होतं, तुमच्या तालमीत चेस्ट डे नव्हता का? ते म्हणाले, "जोर आणि बैठका. रोज. नव्या पोराला वस्ताद आधी आखाड्याची माती खणायला लावायचे, मग जोर. आज वीस, पुढं पंचवीस. आकडा वस्ताद ठरवायचे." जोरात छाती, खांदे, पाठ, दंड, बैठकांत मांड्या आणि पोटऱ्या. आठवड्यातून सहा दिवस सगळं अंग, आणि हिशेब ठेवणारा एक माणूस समोर उभा. माझ्या वहीच्या पहिल्या पानावर ती सुरू केल्या दिवशीची नोंद अजून आहे: स्क्वॅट ३० किलो, ५-५-५, "खाली नीट बसत नाही, टाचा उचलतात."