हेरॉन हेरतो, हारोप हरपतो

मे 2025 मधला भारत-पाकिस्तान संघर्षाचा तो आठवडा आठवतो? 7 तारखेला देशभर हवाई हल्ल्याच्या भोंग्यांचा सराव झाला, मुंबईतही झाला. त्यानंतरच्या एका रात्री आमच्या गिरगावातल्या चाळीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एका विमानाचा फोटो पडला. खाली ओळ होती : ‘हाच तो हारोप, लाहोरचं रडार उडवणारा.’ फोटोत होता हेरॉन. तळमजल्यावरच्या काकूंनी लगेच विचारलं, ‘हा आपला की त्यांचा? आणि असला इथे आला तर?’ घाबरलेल्या माणसाला नीट उत्तर मिळायला हवं, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

गोंधळ होणं साहजिक आहे. दोन्ही नावं सारखी वाटतात, दोन्ही यंत्रं एकाच कंपनीची, इस्रायल एरोस्पेस इंडस्ट्रीजची, दोन्ही आपल्या सैन्यदलांकडे आहेत आणि बातम्यांत दोघांनाही नुसतं ‘ड्रोन’ म्हणतात. लक्षात ठेवायला मराठीच मदतीला येते. हेरॉन हेरतो आणि घरी परत येतो. हारोप जातो तो हरपण्यासाठीच, कारण तो स्वतःच बॉम्ब आहे.

हेरॉनपासून सुरुवात करतो, कारण त्याचं आपल्या किनाऱ्याशी नातं आहे. इंग्रजीत हेरॉन म्हणजे बगळा, आणि कामही बगळ्याचंच : न कंटाळता एका जागी नजर लावून बसणं. पंखांचा पसारा 16.6 मीटर, बेस्टच्या बसपेक्षाही लांब. पण हे पंख अरुंद आणि निमुळते. असे लांब-चिंचोळे पंख हवेत कमी ताकदीत तरंगतात, म्हणून 115 अश्वशक्तीचं, एखाद्या मोटारीला शोभेल एवढं छोटं रोटॅक्स इंजिन त्याला पुरतं. इंजिनाला टर्बोचार्जर असतो, कारण वर हवा विरळ होते आणि इंजिनाचा श्वास कोंडतो. पंखा मागच्या बाजूला बसवलेला असतो, म्हणजे कॅमेरा आणि रडारपुढे काही आड येत नाही. एवढ्या काटकसरीचं फळ असं की एकदा उडाला की तो चाळीस तासांहून अधिक वेळ वर राहू शकतो. त्याला चाकं आहेत, धावपट्टी लागते, उतरल्यावर देखभाल लागते. जमिनीवरच्या केबिनमध्ये एक जण तो उडवतो, दुसरा त्याच्या डोळ्यांनी पाहतो आणि पाळ्या बदलत राहतात. त्याला ‘मानवरहित’ म्हणतात तेव्हा ही माणसं नजरेआड होतात.

26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री कराचीहून निघालेले दहा जण कफ परेडजवळच्या मच्छीमार वस्तीत उतरले. वाटेत त्यांनी ‘कुबेर’ ही मासेमारी बोट बळकावली होती, आणि ती बोट होती पोरबंदरची. जानेवारी 2011 मध्ये त्याच पोरबंदरला नौदलाने मानवरहित विमानांची तुकडी उभी केली. हेरॉन आणि त्याच्याहून लहान सर्चर असा तिचा संसार. कोचीची तुकडी त्याआधीच, 2006 मध्ये सुरू झाली होती. समुद्रावर टेहळणी म्हणजे काय, हे ससून डॉकवर पहाटे उभं राहिलं की कळतं. शेकडो बोटी, सगळ्या सारख्याच रंगलेल्या, सगळ्या आपापल्या कामाला निघालेल्या. त्यांतली एक बोट आज वेगळी वागते आहे, हे ओळखायला एक फोटो पुरत नाही. तासन्‌तास पाहावं लागतं, काल काय दिसलं होतं ते आठवावं लागतं. लढाऊ विमान तिथून काही मिनिटांत निघून जातं. हेरॉन थांबतो. त्याची खरी ताकद हीच, आणि ती बातमीत कधीच येत नाही, कारण थांबण्याचा व्हिडिओ कोणी पाहत नाही.

आता हारोप. त्याचे पंख मिटतात आणि तो बंद पेटीत ठेवलेला असतो. अशा पेट्या ट्रकवर रचून नेता येतात. हुकूम मिळाला की तो पेटीतून बाहेर फेकला जातो, पंख उघडतात, मागचा पंखा फिरू लागतो. चाकं नाहीत, कारण उतरायचंच नाही. लांबी साधारण अडीच मीटर, पोटात वीसेक किलोंचा स्फोटक भाग. सांगितलेल्या भागावर तो काही तास घिरट्या घालतो, नाकातल्या कॅमेऱ्यातून चित्र पाठवत राहतो आणि लक्ष्य दिसलं की त्यावर झेपावतो.

क्षेपणास्त्रापेक्षा यात वेगळं काय, असं कोणी विचारेल. क्षेपणास्त्राला निघण्यापूर्वीच पत्ता द्यावा लागतो. हारोप आधी निघतो आणि पत्ता वर गेल्यावर शोधतो. त्याची गरज कशातून निर्माण झाली हे समजलं की सगळं उलगडतं. रडार म्हणजे अंधारात लावलेली टॉर्च. टॉर्च लावली की समोरचं दिसतं, पण टॉर्च धरणाराही सगळ्यांना दिसतो. म्हणून हुशार रडारवाला ती थोडा वेळ लावतो, बंद करतो, जागा बदलतो. अशा वेळी वर कोणीतरी वाट पाहत बसलेलं असेल, तर रडारवाल्याची पंचाईत होते : रडार चालू केलं तर मार बसेल, बंद ठेवलं तर आकाश मोकळं सुटेल. हारोपचा पूर्वज हार्पी याच कामासाठी बनला होता आणि तो रडारच्या लहरींचाच माग काढत जायचा. हारोपमध्ये कॅमेरा आणि पडद्यासमोर बसलेला माणूस आला. त्या माणसाला शेवटच्या टप्प्यातही हल्ला रद्द करून त्याला पुन्हा घिरट्यांवर पाठवता येतं.

2009 मध्ये बंगळुरूच्या एअरो इंडियात हारोप लोकांसमोर मांडला गेला. एप्रिल 2016 मध्ये अझरबैजानने आर्मेनियाशी वाद असलेल्या नागोर्नो-काराबाख या प्रदेशात तो वापरला, तेव्हा आर्मेनियाच्या स्वयंसेवकांची एक बस त्यात उद्ध्वस्त झाली आणि सात जण गेले. रडारसाठी घडवलेलं शस्त्र बसवर पडलं. ‘अचूक’ हा शब्द जाहिरातीत वाचला की मला ती बस आठवते. अचूकपणा यंत्राचा असतो, कुठे नेमायचं हे माणूस ठरवतो. म्हणूनच ‘आत्मघाती ड्रोन’ हा आपल्या वाहिन्यांचा लाडका शब्द मला मान्य नाही. यंत्राला आत्मा नाही, घात कोणीतरी दूर बसून करतो. ‘घिरट्या घालणारा बॉम्ब’ म्हणावं, त्यात लपवाछपवी नाही.

8 मे 2025 ला भारताने जाहीर केलं की पाकिस्तानातल्या अनेक ठिकाणच्या हवाई संरक्षणाच्या रडारांवर मारा केला आणि लाहोरची यंत्रणा निकामी झाली. आपण हारोप पाडल्याचा दावा पाकिस्तानने केला. तिथूनच ते नाव चाळीच्या ग्रुपपर्यंत पोचलं.

तिसरी जातही आहे, आणि तिच्यामुळे गुंता वाढतो : क्षेपणास्त्र घेऊन जाणारा, ते सोडून परत येणारा ड्रोन. अमेरिकेचा रीपर त्या जातीचा. त्याच घराण्यातले 31 एमक्यू-9बी घेण्याचा करार भारताने ऑक्टोबर 2024 मध्ये केला, त्यांतले 15 नौदलासाठी. हा हेरॉनसारखाच लांब पंखांचा, तासन्‌तास पाहणारा, फक्त पंखाखाली शस्त्र टांगू शकणारा. उलट, घिरट्या घालणारे सगळेच बॉम्ब हरपतात असंही नाही. आपल्या नागपुरात बनणारं नागास्त्र-1 एक माणूस पाठीवर नेऊ शकतो, आणि मोहीम रद्द झाली तर ते पॅराशूटने खाली उतरवून पुन्हा वापरता येतं. माझ्या मराठी क्लृप्तीला इथे अपवाद करावा लागतो, आणि तो मी आनंदाने करतो, कारण न मारता परत येण्याची सोय शस्त्रात असणं चांगलंच.

लग्नात किंवा विसर्जनाच्या मिरवणुकीत डोक्यावर भुणभुणणारा चार पंख्यांचा ड्रोन या सगळ्यांहून निराळा, बॅटरीवर अर्धा तास चालणारा. मुंबईत पोलीस वरचेवर ड्रोन उडवण्यावर बंदीचे आदेश काढतात, त्यामुळे परवानगीशिवाय तोही उडवू नका.

काकूंना त्या रात्री एवढंच कळवलं : ‘फोटोतल्या विमानाला खाली चाकं आहेत, म्हणजे ते परत येणारं आहे. हेरॉन आहे तो, आणि आपल्या नौदलाकडचे हेरॉन समुद्रावर लक्ष ठेवतात.’ पाच मिनिटांनी त्यांचा निरोप आला : ‘चाकं दिसली. झोपते आता.’