चीनमधल्या जुन्या देवळांचे डेटाबेस: याची मुळं कुठे आहेत

चीनमधल्या जुन्या देवळांचे, विहारांचे डिजिटल डेटाबेस आत्ता आत्ता बनायला लागले, पण देवळांच्या याद्या करणं तिथे फार जुनं आहे. लुओयांग ही उत्तर वेई घराण्याची राजधानी, ५३४ मध्ये ती तिथून हलवली, लढायांत शहर उजाड झालं, आणि ५४७ मध्ये यांग श्वानझी नावाचा अधिकारी परत तिथे गेला तेव्हा १३६७ पैकी ४२१च विहार उरले होते. पुढच्यांना काहीच कळणार नाही म्हणून त्याने आधी शहरातले मग चारही दिशांचे असे मोठे मोठे विहार लिहून काढले.

नंतर मिंग आणि छिंग घराण्यांच्या काळात (१३६८ ते १९११) जिल्ह्याजिल्ह्याचं गॅझेटियर निघायचं आणि त्यात देवळांची नोंद असायचीच. आजच्या डेटाबेसचा मुख्य माल हाच, आणि खरी डोकेदुखी पण हीच, कारण पत्ता काय तर "शहराच्या पूर्वेला तीन ली", ली म्हणजे साधारण अर्धा किलोमीटर पण तेही काळानुसार कमीजास्त, त्यात ग्वान यू या योद्धा-देवाचं देऊळ आपल्या मारुतीसारखं गावोगाव, मग दोन याद्यांतलं देऊळ एकच की वेगवेगळं हे ठरवायचं कसं? २००१ला हार्वर्ड आणि फुदान युनिव्हर्सिटीने ऐतिहासिक जीआयएस (नकाशाला जोडलेला डेटाबेस) सुरू केला, त्यात इ.स.पू. २२१ ते १९११ मधली जिल्ह्यांची ठिकाणं नकाशावर आली, निदान ते तीन ली कुठून मोजायचे हे तरी कळलं.

नुसत्या कागदावर भागत नाही. १९३७ला ल्यांग सिचेंग आणि लिन ह्वेयिन हे जुन्या वास्तूंचे अभ्यासक वूताई पर्वतातल्या फोग्वांग विहारात पोचले, तिथे तुळईवर शाईने दान देणाऱ्या बाईचं नाव होतं, तेच नाव बाहेरच्या दगडी खांबावर सापडलं आणि त्यावर साल होतं, ८५७, म्हणजे देऊळ कधीचं ते कळलं. नोंदीला नोंद जुळवायची, डेटाबेसचं कामही हेच.

मधे नुकसान मात्र प्रचंड झालं. १८९८ पासून देवळं घेऊन शाळा काढायची मोहीम, १९६६ पासून सांस्कृतिक क्रांतीतली तोडफोड.

आणि गॅझेटियर लिहिणारे शिकलेले अधिकारी लोक, खेड्यातली छोटी देवळं ते बऱ्याचदा सोडूनच द्यायचे. म्हणून मला केनेथ डीन आणि झेंग झेनमान या अभ्यासकांचं काम सगळ्यात मोलाचं वाटतं, फूज्यान प्रांतातल्या पूतियान भागात ७००हून जास्त गावांचा सर्व्हे, २०१०ला छापून आला, देव कुठले, उत्सव कधी, आणि कुठली गावं मिळून देवाची मिरवणूक काढतात इथपर्यंत सगळं त्यात आहे.