टॅरँटुलाच्या टाकीतली पांढरी पूड: माइट की बुरशी?

टाकीतल्या मातीवर पांढरट पूड दिसली की पाळणाऱ्याच्या पोटात गोळा येतो आणि हात थेट कीटकनाशकाच्या फवाऱ्याकडे जातो. तो फवारा खाली ठेवा. माइट म्हणजे ठिपक्याएवढे बारीक आठ पायांचे जीव, आणि टॅरँटुला म्हणजे मोठा केसाळ कोळी. माइट आणि कोळी एकाच अष्टपाद वर्गातले, त्यामुळे माइट मारणारं औषध टॅरँटुलालाही सोडत नाही. आणि ती पूड बुरशीची असेल तर औषधाचा उपयोगच नाही.

टॉर्च आडवा धरा आणि भिंगातून एकाच ठिपक्याकडे मिनिटभर बघत राहा. ठिपका सरकला तर माइट. हलला नाही आणि त्याच्या कडेने कापसासारखे तंतू पसरलेले दिसले, तर बुरशी. नुसत्या जागेवरून ओळखायला जाल तर फसाल, कारण खाऊन टाकलेल्या रातकिड्याचा चोथा दोघांनाही सारखाच आवडतो. तिसराही एक उमेदवार असतो: लांबट, सहा पायांचा आणि डिवचला की टुणकन उडणारा स्प्रिंगटेल. तो बुरशी खातो, म्हणजे आपल्याच बाजूचा. त्याला राहू द्या.

बुरशीचं फार मनावर घेऊ नये. नव्या टाकीत लाकडावर किंवा सालीवर पांढरी लव येते आणि बहुतेकदा काही आठवड्यांत आपणच ओसरते. चोथ्यावर आलेली बुरशी आजूबाजूच्या मातीसकट चमच्याने उचलून टाका, पाणी कमी शिंपडा, हवा खेळती ठेवा. मातीतून अळंबीची छत्री उगवली तर खुशाल फोटो काढा, टॅरँटुलाला तिचा त्रास नाही. बंद डबीतल्या पिल्लांच्या बाबतीत मात्र ढिलाई नको. तिथे बुरशी वाढतेय म्हणजे हवा कोंडली आहे, आणि ती कोंडलेली हवाच पिल्लाला बाधते.

माइटचं गणित वेगळं. टाकीत दिसणारे बहुतेक माइट कुजकं खाणारे असतात, ते टॅरँटुलाचं रक्त पीत नाहीत. काही जातींची एक अवस्था तर खातच नाही. ती फक्त दुसऱ्या प्राण्याला चिकटून फुकटचा प्रवास करते. त्यामुळे मातीत चार माइट दिसले म्हणून घाबरायचं कारण नाही. संख्या वाढून ते अंगावर चढले आणि तोंडाभोवती, पायांच्या सांध्यांत किंवा पोटाखालच्या बुक लंग्जजवळ (कोळ्याच्या श्वसनाच्या अवयवांजवळ) गर्दी करू लागले, तर मात्र लगेच हालचाल हवी.

त्यावर खरा उपाय कोरडेपणा. माइटचं पातळ अंग ओलावा धरू शकत नाही, टॅरँटुलाचं जाड कवच धरतं. म्हणून टॅरँटुला दुसऱ्या डब्यात हलवा, टाकी गरम पाण्याने धुवा, जुनी माती फेकून कोरडी भरा आणि पाण्याची वाटी मात्र कायम भरलेली ठेवा. अंगावरचे माइट काढायचे तर बारीक ब्रशच्या टोकाला किंचित व्हॅसलिन लावून एकेक टिपून घ्या. बुक लंग्जच्या फटींना व्हॅसलिन लागता कामा नये, तिथूनच टॅरँटुला श्वास घेतो. अमेरिका खंडांतल्या बहुतेक जाती पोटावरचे केस उडवतात, तेव्हा हातमोजे आणि चष्मा हवाच. आणि प्राणी पाठीवर उताणा पडलेला असेल तर तो कात टाकतोय. कात पूर्ण होऊन अंग कडक होईपर्यंत ब्रश, धुणं, हलवणं, सगळं बंद.

थेराफोसा ब्लाँडीसारख्या ओल्या जंगलातल्या जातीला मात्र असं कोरडं ठेवता येत नाही. तिथे माती बदलून स्प्रिंगटेल सोडतात. माइट फारच झाले तर स्ट्रॅटिओलेलॅप्स हे शिकारी माइटही वापरतात. ते तपकिरी आणि चपळ असतात, मातीतले माइट खातात आणि खाद्य संपलं की कमी होत जातात.

माइट पुष्कळदा रातकिड्यांच्या डब्यातूनच टाकीत येतात. म्हणून तो डबाही कोरडा ठेवा, त्यातले मेलेले किडे वरचेवर काढा आणि टॅरँटुलाने टाकलेला चोथा दुसऱ्या दिवशी चिमट्याने उचला.