जोसन काळात कोरियात सरकारी नोकरी कशी लागायची: पात्रता, कागदपत्रं आणि दर्जा-पदाचा घोळ

कोरियन ऐतिहासिक सिरीयल बघताना दरबारातले लाल, निळे, हिरवे झगे दिसतात आणि कोण कोणापुढे का वाकतोय तेच कळत नाही. तर जोसन राजवटीतली (हिने १३९२ पासून पाचशेहून जास्त वर्षं कोरियावर राज्य केलं) ही सगळी सिस्टीम नीट सांगतो. नियम मुख्यतः 'क्योंगगुक देजोन' या कायद्याच्या ग्रंथातले आहेत, जो १४८५ पासून पक्का लागू झाला. सरकारी नोकरीची परीक्षा मात्र त्याच्या खूप आधीची, जोसनच्या आधीच्या गोर्यो राजवटीतल्या ग्वांगजोंग राजाने ९५८ मध्ये शुआंग ची नावाच्या चिनी अधिकाऱ्याच्या सल्ल्याने सुरू केलेली. तिला क्वागो म्हणायचे.

आधी पात्रता. कागदावर बघाल तर साधा शेतकरीसुद्धा बसू शकायचा, बंदी होती ती गुलामांना आणि अर्थात बायकांना. पण खरी चाळणी पुढे आहे. रखेलीच्या पोटचा मुलगा आणि त्याचे वंशज बाद. आईने दुसरं लग्न केलं असेल तर मुलगा बाद. बाप लाचखोरीत सापडलेला अधिकारी असेल तरी मुलगा बाद. म्हणजे पोराने काहीही केलेलं नाही, तरी फॉर्म भरायच्या आधीच गेम ओव्हर! आणि वर्षानुवर्षं चिनी ग्रंथ पाठ करत बसायला घरात पैसा लागतोच, त्यामुळे शेतकऱ्याच्या पोराला कायद्याने दार उघडं असलं तरी आत जाणारे बहुतेक यांगबान म्हणजे वरच्या, खानदानी वर्गाच्या घराण्यातलेच.

आता कागदपत्रं, आणि माझ्या मते सगळ्यात इंटरेस्टिंग भाग हाच. परीक्षेआधी नाव नोंदवायला जायचं तेव्हा चार पूर्वजांचा तक्ता द्यायचा: बाप, आजा, पणजा आणि आईचा बाप, प्रत्येकाचं नाव आणि तो कुठल्या पदावर होता ते. सोबत हमीपत्र, त्यावर सहाव्या श्रेणीच्या (श्रेणींचं पुढे सांगतो) किंवा वरच्या अधिकाऱ्याची सही. आपल्याकडे जात पडताळणीला आजोबा-पणजोबांचे दाखले शोधत फिरावं लागतं ना, साधारण त्यातलाच प्रकार. उत्तरपत्रिकेचा कागदही स्वतःचा न्यायचा, त्यावर स्वतःचं नाव, वय, गाव आणि परत तेच चार पूर्वज लिहून तो भाग सीलबंद करायचा म्हणजे तपासणाऱ्याला कळू नये कोणाचा पेपर आहे. एवढंच नाही, अक्षरावरून ओळख पटू नये म्हणून कारकून अख्खा पेपर लाल शाईने परत लिहून काढायचे आणि परीक्षकाकडे ती कॉपी जायची. एवढी काळजी घेणारी सिस्टीम आईच्या दुसऱ्या लग्नावरून पोराला बाहेर काढायची, हे काही पचत नाही राव.

रेग्युलर परीक्षा दर तीन वर्षांनी, उंदीर, ससा, घोडा आणि कोंबडा या वर्षांत. मधेमधे खास परीक्षाही निघायच्या. आधीची पायरी म्हणजे सेंगवॉन आणि चिन्सा या दोन परीक्षा, दोन्हीत १००-१०० जण पास, त्यांना पांढरं प्रमाणपत्र आणि राजधानीतल्या सोंगग्युनग्वान या विद्यापीठात प्रवेश. तिथे मेसमध्ये सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळा जेवलं की एक पॉइंट, आणि असे ३०० झाले की मुख्य परीक्षेच्या, विद्यापीठासाठी राखीव असलेल्या प्राथमिक फेरीला बसता यायचं. जेवणावरून हजेरी, भारी आयडिया आहे! मुलकी अधिकाऱ्यांच्या मुख्य परीक्षेत पहिल्या फेरीत २४०, त्यातून ३३, आणि शेवटी राजासमोर फक्त या ३३ जणांचे नंबर ठरायचे, कोणी नापास नाही. यांना लाल प्रमाणपत्र. लष्करी परीक्षेत २८ घ्यायचे. दुभाषे, वैद्य, ज्योतिषी, कायदेवाले यांची परीक्षा वेगळी आणि मानही कमी.

पास झालात, आता दर्जा. एकूण नऊ श्रेणी, पहिली सगळ्यात मोठी आणि नववी सगळ्यात लहान, प्रत्येकीत वरची आणि खालची अशा १८. त्यात सहावीपर्यंतच्या श्रेणींचे परत दोन-दोन भाग, म्हणजे एकूण ३० पायऱ्या. पहिल्या नंबरवाल्याला थेट खालची सहावी, पुढच्या दोघांना वरची सातवी, त्यानंतरच्या सात जणांना वरची आठवी, उरलेल्या २३ जणांना वरची नववी. झग्याचा रंगही यावरूनच: वरच्या तिसरीपर्यंत लाल, तिथून सहावीपर्यंत निळा, खाली हिरवा. बायकोलाही नवऱ्याच्या दर्जाप्रमाणे किताब मिळायचा. आणि दुसऱ्या श्रेणीच्या किंवा वरच्या प्रत्यक्ष पदावर पोचलात तर मेलेल्या बापाला, आजाला, पणजालाही मरणोत्तर दर्जा!

खरा घोळ इथे होतो. दर्जा ही माणसाची गोष्ट आणि पद ही खुर्चीची, दोन्ही जुळतीलच असं नाही. पूर्ण नाव लिहायचं तर आधी दर्जाचा किताब, मग कार्यालय, मग पद. नेमणुका बघणाऱ्या इजो या मंत्रालयाचा मंत्री म्हणजे फान्सो, हे पद वरच्या दुसऱ्या श्रेणीचं. पण माणूस 'सुंगजॉंग देबु' म्हणजे पहिल्या श्रेणीतला असेल तर पदाच्या आधी 'हेंग' लावायचं, म्हणजे दर्जा मोठा आणि खुर्ची लहान. उलट असेल तर 'सु'. जुन्या थडग्यांवरचे शिलालेख वाचताना हे एक अक्षर बघा, त्या माणसाची तेव्हाची पोझिशन लगेच कळते.

नेमणुकीचा कागदही दोन प्रकारचा, चौथ्या श्रेणीपर्यंत राजाच्या नावाने आणि पाचवीपासून खाली मंत्रालयाकडून. शिवाय पाचवी आणि खालच्यांचं व्हेरिफिकेशन साहोनबु आणि सागानवॉन ही दोन कार्यालयं करायची, परत घराणं तपासायचं, आणि त्यांनी सही अडवली तर नेमणूकही अडकायची. प्रमोशनसाठी सहावी आणि त्यावरच्या लोकांना ९०० दिवस आणि सातवीपासून खालच्यांना ४५० दिवस सेवा, सुट्टीवरचे दिवस धरायचे नाहीत. वर्षातून दोनदा, सहाव्या आणि बाराव्या महिन्यात, साहेब शेरा लिहिणार.